पाच खोल्यांचा राब

ओदील,

तुझी भाची फार सभ्य बाई आहे. तू गेल्याचं तिनं मला तीन ओळींत कळवलं आणि पुढे अर्धं पान माझी माफी मागितली, की अशा वेळी काम सांगावं लागतंय. काम असं की तुझ्या गावातल्या संग्रहालयात तुझी सगळी मांडणशिल्पं एकत्र दाखवणार आहेत. त्यात आमच्या धसईच्या कामाचे फोटो लागतील, आणि फोटोंच्या बाजूला भिंतीवर एक परिच्छेद. 'आग कशी लागली हे सांगू शकणारे आता तुम्हीच उरलात,' असं ती लिहिते. मुरबाडच्या सायबर कॅफेत मी ते पत्र दोनदा वाचलं, छापून घेतलं आणि एसटीत येऊन बसलो. धसई येईपर्यंत मला रडू आलं नाही. दमल्यासारखं झालं. कुणी गेल्याचं ऐकून आधी थकवा येतो हे मला या वयात समजलं.

खरं तर मी तुला अहो-जाहो करायला हवं. तू माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. पण तू मराठी शिकलीस ती आमच्या शेजारच्या हिराबाईच्या ओटीवर, आणि तिथं देवापासून बैलापर्यंत सगळ्यांना अरेतुरे. आमच्या हेडमास्तरांना पहिल्याच भेटीत तू "बस ना रे, उभा काय ऱ्हायलास?" म्हणालीस. ते मुकाट्यानं बसले आणि निवृत्त होईपर्यंत मला त्यावरून टोचून बोलत राहिले. मी कधी चुकून 'तुम्ही' म्हटलं की तू भडकायचीस. "मी काय तुजी सासू हाय?" म्हणून तूच. आता सवय मोडायची ताकदही नाही.

तू पहिल्यांदा आलीस तो एप्रिल मला आठवतो. आर्ट कॉलेजातला माझा एक मित्र मुंबईत लहानशी गॅलरी चालवायचा. त्यानं शाळेच्या फोनवर निरोप ठेवला, एक फ्रेंच बाई पाठवतोय, तिला जरा खेडं दाखव. मी वैतागलो. चित्रकलेचा शिक्षक म्हणजे सुट्टीत रिकामाच, असा सगळ्यांचा समज असतो. तुला काय दाखवावं ते सुचेना म्हणून टोकावड्याच्या एसटीत घेऊन बसलो. तू खिडकीशी होतीस. उतारांवर जागोजाग काळे चौकोन दिसत होते, कुठे नुकते विझलेले, कुठे अजून धुमसणारे. तू विचारलंस, हे कुणी केलं? मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की भाताची रोपं जिथं वाढवायची ती जागा पावसाआधी भाजून घेतात. शेणाचा थर, त्यावर टहाळं, पातेरा, गवत, वरून माती भुरभुरवायची आणि पेटवायचं. त्याला राब म्हणतात. तू एकेक चौकोन बोटानं मोजलास. मग म्हणालीस, "या खोल्या आहेत."

तेव्हा मला वाटलं, ऊन लागलं हिला. नंतर तू प्लास्टिकच्या फायलीतले फोटो दाखवलेस तेव्हा उलगडा झाला. पंधरा वर्षं तू पाडलेल्या घरांचे नकाशे जमिनीवर मांडत आली होतीस, खऱ्या मापात. बंद पडलेल्या गिरणीत मिठानं मांडलेलं कामगाराचं घर. बंदरावरच्या गोदामात कोळशाच्या भुकटीनं मांडलेला एका विधवेचा स्वयंपाकघराचा कोपरा. लोक कडेकडेनं चालत आणि कुठली खोली कुठली ते ओळखत. मी म्हटलं, म्हणजे रांगोळी. मी टोमणा मारला होता. तू खूश होऊन तो शब्द वहीत लिहून घेतलास. तुझ्याशी भांडणं किती अवघड आहे हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं.

आमच्या वरकसावर, म्हणजे उतारावरच्या हलक्या पडीक जमिनीवर, तू आईचं घर मांडायला घेतलंस. तुझी आई आदल्या हिवाळ्यात गेली होती आणि तिची इमारत रस्त्यासाठी पाडली होती. पाच खोल्या, मापं सगळी आठवणीतली. न्हाणीघराची रुंदी तुला आठवेना, तर तू हात पसरून उभी राहिलीस आणि म्हणालीस, लहानपणी दोन्ही भिंतींना हात पुरायचे नाहीत, मोठेपणी पुरायचे. तीन आठवडे आपण राबलो. शेण तू स्वतः पाटीनं वाहिलंस. वरची माती आमच्या घरातल्या पिठाच्या चाळणीनं चाळलीस, बायकोनं ती चाळणी मग कधी स्वयंपाकात घेतली नाही. आणि एवढं सगळं करून तू म्हणालीस, हे पेटवायचं नाही. पेटायची वाट पाहत ते तसंच राहील आणि पावसात कुजेल, तेच काम. मी म्हटलं, न पेटवलेला राब म्हणजे नुसतं शेण आणि पाचोळा. तू म्हणालीस, "अगदी बरोबर." ते आपलं पहिलं भांडण, आणि ते कधी संपलं नाही.

रविवारी मुंबईहून माझा मित्र आणि त्याच्याबरोबर पॅरिसचा कुणी गॅलरीवाला येणार होते. तुझ्यासाठी ती भेट फार मोठी होती. बरीच वर्षं तुझं नाव कुणी घेत नव्हतं, हे तू एकदा सहज बोलल्यासारखं बोललीस, आणि मी ते ऐकलं नसल्यासारखं केलं.

शेजारच्या वरकसाची मालकीण हिराबाई रोज डोक्यावर टहाळांचा भारा घेऊन बांधावरून जायची. चाळिशीची, नवरा गेलेला, एकटीच्या जिवावर शेती ओढणारी. ती थांबून आपलं काम पाहायची. एकदा तिनं मला विचारलं, "मास्तर, कदी भाजतोस रे?"

मी म्हटलं, "बघू."

तिला काय सांगणार होतो? की ही बाई राब घालतेय पण भाजणार नाहीये, कारण तिला वाट पाहणं दाखवायचंय? मला कंटाळा आला. पण आमच्याकडे राब घालून झाल्यावर कुणी 'बघू' म्हणालं तर त्याचा अर्थ एकच, की घरात माणूस नाही आणि सांगायची लाज वाटतेय. अशा वेळी शेजाऱ्यानं काय करायचं ते कुणी सांगावं लागत नाही. हे मला माहीत होतं. मी इथंच जन्मलोय.

शनिवारी भल्या सकाळी आपण मुरबाडला गेलो, पाहुण्यांसाठी चटया आणायला. दहाच्या एसटीनं परतलो. वरकसावर पाचही खोल्या काळ्या झाल्या होत्या. कडा अशा सरळ की सुतानं आखल्यासारख्या, एक काडी बाहेर पेटलेली नाही. हातात ओला टहाळा घेऊन हिराबाई न्हाणीघराच्या कोपऱ्यात उभी होती, चेहरा धुरानं काळवंडलेला, आणि हसत होती.

"वारा पडला व्हता सकाळी," ती म्हणाली. "म्हटलं, बिचारीच्या घरात मानूस नाय, मास्तरला राबातलं काय कळतंय? देऊ आपन भाजून."

तू खाली बसलीस. तू रडलीस ते सगळ्या अंगानं. तुझ्या आईचं घर तू जपून मांडलं होतंस आणि दुसऱ्याच दिवशी पाहुणे येणार होते. तू मला म्हणालीस, "विचार तिला, का? का केलं?"

आणि मी तुला सांगितलं, की तिचा स्वतःचा राब शेजारी पेटला होता, ठिणगी उडाली, अपघात झाला, तिला फार वाईट वाटतंय. हिराबाईकडे वळून सांगितलं, की बाई खूश आहे, त्यांच्यात आनंदानं असं रडतात. दोन्ही बाजूंनी दोन खोटी वाक्यं, एका दमात. तेव्हा मला वाटलं की मी दोघींना सांभाळून घेतलं. तू हिच्यावर ओरडू नयेस आणि हिनं केलेल्या उपकाराचा कुणी अपमान करू नये. आज विचार करतो तेव्हा वाटतं, मला फक्त तो प्रसंग लवकर संपायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी गॅलरीवाला आला. पाच काळ्या खोल्यांभोवती तो तासभर फिरला. मग तू त्याला ठिणगीची गोष्ट सांगितलीस. मी शेजारी उभा होतो. "म्हणजे घर तू मांडलंस आणि योगायोगानं ते पूर्ण केलं," तो म्हणाला, आणि तुझ्या तोंडावर असं काही आलं जे मी तीन आठवड्यांत पाहिलं नव्हतं. तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी पाहुण्यांना ताक दिलं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. त्या फोटोंनी तुला तुझं नाव परत मिळवून दिलं. तू योगायोगाची कलावंत झालीस. कुठे पिठात खोल्या मांडून दारं उघडी टाकायचीस आणि कबुतरं येऊन काय करतात ते पाहायचीस. कुठे मेणाच्या भिंती उन्हात ठेवायचीस. मोठी शहरं, मोठी दालनं, जाड गुळगुळीत कॅटलॉग, आणि प्रत्येक कॅटलॉगच्या पहिल्या पानावर आमचं वरकस आणि ती ठिणगी. पोस्टानं ती पुस्तकं माझ्याकडे यायची. मी ती शाळेच्या कपाटात ठेवायचो आणि नवीन शिक्षक आला की सहज काढून दाखवायचो. खरं सांगतो, मला आतून माज चढला होता. मी स्वतः चित्रं काढायचं केव्हाच सोडलं होतं, पण फ्रान्समधली एवढी मोठी कारकीर्द माझ्या एका वाक्यावर उभी आहे हे मला एकट्यालाच माहीत होतं. अशी गोष्ट माणूस हातची सोडत नाही.

तू दर थंडीत महिनाभर यायचीस. हिराबाईच्या ओटीवर बसून वाल सोलायचीस, बोलायला शिकायचीस. मी शाळेतून आलो की आपण भांडायचो. मी मुलांकडून तांब्या-पेल्याचं वस्तुचित्र काढून घेतो यावर तू हसायचीस. कामावर सही असावी की नसावी, यावर आपण एक अख्खा जानेवारी घालवला.

मग एका वर्षी तू थंडीत येऊन गेलीस आणि जुलैत परत आलीस. पावसात तू कधी आली नव्हतीस. कॅमेरा आणला नव्हतास, वही नव्हती. आठ दिवस तू हिराबाईच्या शेतात आवणी केलीस, गुडघाभर चिखलात वाकून, एकेक रोप लावत. मी बांधावर छत्री धरून उभा राहिलो आणि विचारलं, हे कसलं काम आहे? तू मान वर न करता म्हणालीस, "आवनी." मी म्हटलं, ते दिसतंय, पण कल्पना काय? तू म्हणालीस, "मास्तर, हुबा ऱ्हाऊ नको. वाक नायतर घरी जा."

मी घरी गेलो. आणि ओदील, सांगायला लाज वाटते, पण एका दिवाळी अंकात मी त्यावर लेख लिहिला. फ्रेंच कलावंताचा नवा प्रयोग, शरीर आणि भूमी, असं बरंच काही. तीन पानं. तू तो लेख कुणाकडून तरी वाचून घेतलास म्हणे. मला काही बोलली नाहीस.

त्यानंतर तुझं काम बदललं. तू खोल्या अर्ध्याच मांडायला लागलीस आणि त्या वस्तीतल्या माणसांना सांगायला लागलीस, की पुढचं तुम्हाला येतं तसं करा. कुठे गवंड्यांनी केलं, कुठे धोबिणींनी. भिंतीवर त्यांची नावं, तुझं नाव त्या यादीत मध्येच कुठेतरी. मुलाखतींतून योगायोग हा शब्द गेला. टीकाकारांनी लिहिलं की तुझी धार गेली, तू समाजसेविका झालीस. आमंत्रणं कमी झाली, कॅटलॉग पातळ झाले, मग यायचेच बंद झाले. मला फार त्रास झाला त्याचा. मी तुला चार पानी पत्र लिहिलं. 'योगायोगानं तुला मोठं केलं आणि तू त्यालाच विसरलीस. तू आपल्या हातानं आपली कारकीर्द बुडवते आहेस,' असं लिहिलं. आणखी बोचरंही लिहिलं होतं, ते आता आठवायची इच्छा नाही.

उत्तरादाखल एक कार्ड आलं, देवनागरीत, वाकड्या अक्षरांत: 'मास्तर, जेवलास का?' मला वाटलं तू मला उडवून लावतेयस. मी उत्तर दिलं नाही. पुढचे दोन हिवाळे तू आलीस तेव्हा आपण हवापाण्यावर बोललो. तिसऱ्या हिवाळ्यात तू आली नाहीस, तब्येतीचं कळवलंस. या वर्षी भाचीचं पत्र आलं.

म्हणून मी परवा हिराबाईकडे गेलो. मनाशी ठरवलं होतं, की आता तरी भिंतीवर खरं जाऊ दे, आणि त्यासाठी तिचं नाव घालायला तिची परवानगी हवी. ती आता थकली आहे, डोळ्यांना कमी दिसतं. ओटीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होती. तू गेल्याचं सांगितलं तसं तिनं सूप खाली ठेवलं. पदर तोंडाला लावला. "माजी ओदी गेली," एवढंच म्हणाली. मग मी तिला सगळं सांगितलं, ठिणगीचं, अपघाताचं, आणि त्या दिवशी तू आनंदानं रडत नव्हतीस हेही.

ती म्हणाली, "ते मला ठावं हाय."

"कसं?"

"तिनंच इचारलं व्हतं. बोलाया लागली चांगली, तवा एक दिस बोलली, गो हिरा, तुजी ठिणगी कशी उडाली त्या दिशी? मला असा राग आला मास्तर! मी बोलली, कसली ठिणगी? मी काय येडी हाय ठिणग्या उडवायला? जल्मात माज्या राबाची ठिणगी कुनाच्या बांधाला गेली नाय. मी भाजला तुजा राब, वारा बगून, चारी कडा राखून, दोन घटका उभी व्हती मी."

इतकी वर्षं माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं, की मी तिला साऱ्या जगात निष्काळजी बाई करून ठेवलं होतं. सगळ्या जाड कॅटलॉगच्या पहिल्या पानावर.

"मग ती काय म्हणाली?"

"उटून गेली, त्या दिशी जेवली पन नाय. दुसऱ्या दिशी आली आन् इचारलं, तू माजा राब भाजलास, मंग मी तुजं काय करू? मी बोलली, काय नको. नायच ऐकली. मंग बोलली मी, ये आवनीला. आमच्यात असंच ना, तू माज्या शेतावर, मी तुज्या. तर आली का नाय ती? इमानात बसून आली."

म्हणजे ती आवणी फेड होती. ज्या आवणीवर मी तीन पानं लिहिली ती. आणि गवंडी, धोबिणी, भिंतीवरच्या याद्या, तुझी बुडालेली कारकीर्द, हे सगळं तू समजून उमजून केलं होतंस, आणि मी तुला चार पानांत शहाणपण शिकवत होतो.

मी विचारलं, "माझ्यावर रागावली होती का?"

हिराबाईनं पदरानं डोळे पुसले. "पयल्यांदा व्हती. मंग आठ दिस वाकली चिखलात, राग कुठं ऱ्हातोय? कंबर धरून बसायची नुसती." ती किंचित हसली. "मी बोलली तिला, मास्तरला धर आन् इचार. तर नको बोलली. तो आपल्या तोंडानं सांगंल, बोलली. थंडीची आली का पयलं मला इचारायची, सांगितलं काय गो त्यानं तुला? मी बोलायची, मला नाय. तुला? ती बोलायची, मला बी नाय."

"दर वर्षी?"

"दर साली. शेवटाला आली तवा नाय इचारलं."

तिनं सूप परत मांडीवर घेतलं. परवानगी मागायचं विसरलो, ती तिनंच दिली. म्हणाली, नाव घाल, आणि नुसतं हिरा नको, पुरं घाल, नवऱ्याच्या नावासकट.

आज सकाळी मी भाचीला परिच्छेद पाठवला. लहान आहे. आग अपघातानं लागली नाही. शेजारच्या शेतकरी बाईनं, जिचं पूर्ण नाव खाली दिलं आहे, वारा पडलेला बघून ओदीलचा राब भाजून दिला, आणि दुभाष्यानं दोघींना खोटं सांगितलं. दुभाष्याच्या जागी माझंही पूर्ण नाव घातलं आहे.

हे तुला सांगायला माझ्याकडे इतके हिवाळे होते, ओदील. तू समोर बसून वाल सोलत होतीस. आता मी ते भिंतीला सांगितलं आहे.